समोरून येणाऱ्याला डिपर

विमानांच्या लढाईचा एक गेम होता. त्यात शत्रूचं रडार आंधळं करायला एक बटण होतं. ते दाबलं की मागे लागलेलं क्षेपणास्त्र वाट चुकून डोंगरात जाई. दुसरं आलं तर पुन्हा दाबायचं. बटण कितीही वेळा चाले. मुरबाडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये दर रविवारी जे लोक हा गेम खेळत, त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. आपलं विमान पडत नाही, ही त्यांच्या मते गेमची जमेची बाजू होती.

एकाला मात्र ते सहन होत नव्हतं.

तो भातसानगरचा. धरणाच्या कॉलनीत वाढला, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला बाहेर गेला आणि डिप्लोमा घेऊन परत तिथेच येऊन बसला. वडील धरणावर वायरलेस ऑपरेटर होते. पाण्याची पातळी किती, पाऊस किती, दरवाजे किती उघडले, हे पावसाळाभर सेटवरून पुढे कळवायचं, हे त्यांचं काम. मुलगा शाळा सुटली की त्या खोलीत जाऊन बसे. सेटमधून बहुतेक वेळ नुसती खरखर यायची. तो सांगायचा की खरखरीत प्रकार असतात. विजेची वेगळी, कनेक्शन सैल झाल्याची वेगळी, आपल्या चॅनलवर दुसराच कुणी बोलायला बसला असेल तर त्याची वेगळी. या ज्ञानाचा डिप्लोमाच्या परीक्षेत उपयोग झाला नाही. नोकरीच्या मुलाखतींतही झाला नाही. झाला तो या गेममध्ये, तोही रागापोटी.

राग साधा होता. समोरच्याच्या रडारमध्ये खरखर घुसवणं, म्हणजे जॅमिंग, हे फुकट होत नाही. त्यात आपलंही काही जातं. गेममध्ये काहीच जात नव्हतं.

मी त्या काळात ठाण्याच्या एका दैनिकासाठी शहापूर आणि मुरबाड असे दोन तालुके बघत होतो. राहायला शहापूरला. मुरबाडहून बातमी पाठवायची तर त्या क्लासचा फॅक्स होता, पुढे ई-मेल आला, म्हणून रविवारी माझा मुक्काम तिथे असे. क्लास एसटी स्टँडजवळ, बी-बियाणांच्या दुकानावरच्या मजल्यावर. चालवणारे सर आठवडाभर सरकारी परीक्षेचा कॉम्प्युटर कोर्स शिकवत आणि रविवारी मशिनं एकमेकांना वायरने जोडून गेम लावून देत. गेमला ते ‘ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल’ म्हणत. कुणाचे पालक चौकशीला आले तरी हेच सांगत. पालक थोडा वेळ मागे उभे राहून पडद्यावर जळणारं विमान बघत आणि मुलगा काहीतरी शिकतोय अशा समाधानाने खाली उतरत.

भातसानगरचा मित्र मुरबाडला यायचा तो मामाकडे. त्याचा मामेभाऊ मुरबाड–कल्याण रस्त्यावर शेअर जीप चालवायचा. वयाने मोठा, म्हणून हा त्याला दादा म्हणे. जीपचा नंबर लागेपर्यंत दादा वर क्लासमध्ये येई, एखादं विमान पाडे किंवा पाडून घेई, आणि खालून क्लीनरने हाक मारली की युद्ध तसंच टाकून कल्याणला निघून जाई. त्याचं विमान मग चालकाविना सरळ उडत राही. सर ते बंद करायला उठत नसत. इंधन संपलं की आपोआप पडतं, असा त्यांचा अनुभव होता.

जॅमिंग म्हणजे नक्की काय, हे दादानेच पहिल्यांदा विचारलं. मित्राने त्याला समजेल असं सांगितलं. आमच्याकडे लग्नाच्या हळदीला बेंजो पार्टी असते आणि तिचा आवाज शेजारच्या गावात जातो, एवढं माहीत असलं की पुढचं सोपं आहे.

"हळदीला बेंजो चालू आहे. तू गावाबाहेर उभा आहेस. मांडवात कोण काय बोलतंय, ऐकू येईल का?"

"नाय."

"हे जॅमिंग. आता मांडवात ये. नवऱ्यामुलाच्या बापाच्या कानाजवळ उभा राहा."

"तो व्याह्याला शिव्या घालतोय."

"आलं ना ऐकू? म्हणजे जवळ गेलं की बेंजोचा उपयोग संपला. रडारचंही तसंच. लांबून जॅम होतं, जवळ आलं की त्याला आपण दिसतोच. या गेममध्ये ते संपतच नाही."

दादाने थोडा विचार केला. "पन रे, ज्याला हळदीचं घर म्हायती नाय, तो बेंजोच्या आवाजावरच येतो ना?"

"येतो. तशी क्षेपणास्त्रंही असतात. आवाजावर येणारी."

त्या दिवसापासून दादाने बटण जपून वापरायला सुरुवात केली. गेममध्ये अजून काही बदललेलं नव्हतं, तरीही.

बदल मित्राने पुढच्या काही महिन्यांत केले. त्या गेमच्या बऱ्याच फाइली साध्या नोटपॅडमध्ये उघडत. त्याने एक एक आकडा बदलून काय होतं ते पाहिलं. बरेचदा काहीच व्हायचं नाही. कधी विमान धावपट्टीच्या खाली जन्माला यायचं. अखेर त्याला हवं ते जमलं. आता बटण दाबलं की शत्रूच्या पडद्यावर आपला ठिपका जाऊन त्या जागी लांब पट्टा उमटे. म्हणजे आपण कोणत्या दिशेला आहोत हे त्याला कळे, किती लांब आहोत हे कळत नसे. जवळ गेलं की पट्ट्यातून ठिपका पुन्हा वर येई. आणि बटण दाबून ठेवणाऱ्याकडे आवाजावर येणारं क्षेपणास्त्र न चुकता येई.

मुरबाडमध्ये याचं स्वागत झालं नाही. सगळ्यांची विमानं पडू लागली. प्रॅक्टिकल अवघड केलं म्हणून दोघांनी सरांकडे तक्रार नोंदवली. सरांनी त्यांना सिलॅबस बदलल्याचं सांगितलं.

मित्राने ते बदल इंटरनेटवरच्या एका मंडळावर टाकले. तिथे जगभरचे लोक अशा गेमवर चर्चा करत. चर्चा हा शब्द सौम्य आहे. फिनलंडच्या एका गृहस्थाने खरखरीच्या एका आकड्यावरून त्याच्याशी दोन पावसाळे पुरेल एवढा वाद घातला आणि शेवटी त्याला सर म्हणू लागला. क्लासच्या टेलिफोन लाइनवर हा वाद चाले तेव्हा क्लासला फोन लागत नसे. सरांच्या बायकोला निरोप द्यायचा तर ती खालच्या बियाणांच्या दुकानात फोन करी.

याच मंडळावर मुंबईच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने त्याचं काम पाहिलं. ते लोक परदेशातल्या कुणासाठी लढाऊ विमानांचा नवीन गेम बनवत होते आणि जॅमिंगचा भाग त्यांच्याकडे कुणाला येत नव्हता. पत्र आलं. तुमचं जॅमिंग आम्हाला आवडलं, आता शत्रूची विमानं ते हुशारीने कसं वापरतील तेही करून दाखवा, ऑफिसला या, पसंत पडलं तर नोकरी.

हे पत्र वेळेवर आलं होतं की उशिरा, ते सांगणं कठीण आहे. वडील मे महिन्यात निवृत्त होणार होते. क्वार्टरची किल्ली परत द्यायची होती. मुरबाड तालुक्यातल्या आपल्या गावी जाऊन भातगिरणी टाकायची, हे त्यांनी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे शेड उभी झाली होती. गिरणीवर मुलाने बसायचं, हेही शेडबरोबरच ठरलं होतं. मुलाने हरकत घेतली तेव्हा वडिलांनी शांतपणे सवलत दिली: किल्ली देण्याच्या आत नोकरी लागली तर गिरणीचं पुढे बघू, नाही लागली तर गिरणी. वायरलेसवर बोलायची सवय असल्याने ते लहान वाक्यं बोलत आणि वाक्य संपल्यावर समोरच्याच्या उत्तराची वाट बघत.

मुंबईच्या पत्रावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. विमानाला लपायचं असतं ना? मुलगा हो म्हणाला. मग सेट बंद ठेवायचा, ते म्हणाले. मंडळावरचे निम्मे लोकही हेच म्हणत होते.

तर, शत्रूला हुशार करायचं होतं. गेममधली शत्रूची विमानं मुळात फार मठ्ठ होती. खाली जमिनीवर रडार आहे, ते आपल्याला बघतंय, क्षेपणास्त्र सुटणार आहे, हे दिसत असूनही सरळ त्याच्यावर चालून जात. मित्राला अशा प्रसंगी शहाणा माणूस काय करतो हे हवं होतं. त्याच्या ओळखीत लढाऊ वैमानिक कुणी नव्हता. पुढे कुणीतरी टपून बसलंय आणि तरी त्या रस्त्याने जायचंच आहे, अशा परिस्थितीत रोज काम करणारा एकच माणूस त्याला ठाऊक होता. त्याने दादाला बसवलं आणि विचारलं.

कल्याण रस्त्यावर गाडी तपासणारं पथक कुठे ना कुठे उभं असायचं. जीपमध्ये माणसं नियमापेक्षा जास्त असत. मागच्या पायरीवर उभी असत, टपावर कोंबड्यांच्या खुराड्यासह असत. पथक उभं आहे हे जीपवाल्याला आधी कळे ते समोरून येणाऱ्या गाडीमुळे. ती गाडी दिवसाउजेडी हेडलाइट दोनदा चमकवी. याला डिपर देणं म्हणतात. डिपर मिळाला की जीपवाला वळणाआधी थांबे, जास्तीची माणसं उतरवी, ती रानातून चालत पथकाच्या पुढे जात आणि तिथून पुन्हा चढत. यात कुणाला अपमान वाटत नसे. मीही त्या रानातून चाललो आहे.

"समजा तुला दिसलं की पथक उभं हाय," मित्राने विचारलं. शिकवायचं नसलं की दादाशी बोलताना त्याची भाषाही तशी होई. "मंग तू काय करनार?"

"डिपर देनार."

"कोनाला?"

"समोरून येल त्याला."

"कोनीपन आला तरी?"

"कोनीपन म्हंजे? ज्याची गाडी समोरून येते त्याला. त्याचं त्वांड बघून देतात काय?"

हे खरं होतं. सकाळी स्टँडवर प्रवाशांवरून ज्याची कॉलर धरली, त्यालाही दुपारी डिपर दिला जाई. ज्या एसटीचे प्रवासी हे जीपवाले पळवत, तिच्या ड्रायव्हरलाही देत; त्याला गरज नसे, तोही हात वर करी. न देणारा एकजण मध्यंतरी निघाला होता. त्याच्याशी स्टँडवर कुणी बोलेना, चहाच्या टपरीवर त्याच्यासाठी कुणी सरकेना. थोड्याच दिवसांत त्याने जीप विकली आणि तो भिवंडीला लूमवर गेला.

मित्राने हे सगळं जसंच्या तसं गेममध्ये घातलं. शत्रूच्या विमानाला खालचं रडार दिसलं की ते आपला जॅमर दोनदा क्षणभर चालू करून बंद करी. समोरून येणाऱ्या विमानाच्या आत एक यंत्र असतं, कुणी आपल्यावर रडार किंवा जॅमर चालवला की ते वाजतं. ते टिंग-टिंग वाजे. वाजलं की समजायचं, पुढे रडार आहे, खाली उतरून डोंगराच्या आडून जायचं. गणिताच्या दृष्टीने ते सुंदर होतं. जॅमर इतका कमी वेळ चालू राहायचा की आवाजावर येणाऱ्या क्षेपणास्त्राला तो पकडताच येत नसे.

क्लासमध्ये यावेळी स्वागत झालं. गेम एकदम समजण्यासारखा झाला, असं सगळ्यांचं मत पडलं. दादाने आणखी तीन-चार जीपवाले आणले. त्यांना शिकवावं लागलं नाही. टिंग-टिंग झालं की ते बोलता बोलता विमान खाली घेत. पुढे ते स्वतःही बटण दोनदा दाबून डिपर देऊ लागले. दोघं विरुद्ध दोघं असा सामना लागे, तेव्हाही समोरच्याला आधी डिपर देत, तो हात वर करून क्लासमध्येच पोच देई, आणि मग हे त्याच्यावर क्षेपणास्त्र सोडत. पडला तर हसत. सरांनी याला सांघिक भावना म्हटलं.

मला खेळणाऱ्यांसाठी सूचनापत्रक लिहायला सांगण्यात आलं. बातमीच्या भाषेत ते एका कागदावर लिहिलं आणि भिंतीवर, बसच्या वेळापत्रकाशेजारी, चिकटवलं. त्यात एक वाक्य असं होतं: ‘समोरील विमानाकडून दोनदा इशारा मिळाल्यास उंची कमी करावी.’ येणाऱ्या-जाणाऱ्या अनेकांनी ते वाचलं. कोर्सला येणाऱ्या मुलींनी वाचलं, एका पालकांनी वाचून त्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवली. वाक्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटी मुंबईला बोलावणं आलं. मित्राबरोबर मी गेलो, कारण सूचनापत्रकाचं इंग्रजी मी केलं होतं आणि कुणी काही विचारलं तर सांगावं लागलं असतं. दादा आला, कारण त्याच्या मते अर्धा गेम त्याचा होता. त्या दिवशी त्याने जीप भावाला दिली आणि लग्नाला घालायचा शर्ट घातला.

ऑफिस अंधेरीला होतं. आत एअरकंडिशन इतकं होतं की दादाने पंखे कुठे आहेत ते शोधलं. काम बघणाऱ्या एक मॅडम होत्या, त्या हिंदीत सुरू करून इंग्रजीत संपवत. शिवाय हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. विमानं खऱ्यासारखी उडतात की नाही हे तपासायला कंपनीने त्यांना ठेवलं होतं. ते मराठी होते, सरळ बसत आणि जॉयस्टिक दोन बोटांनी धरत.

त्यांनीच उड्डाण केलं. पहिला भाग उत्तम गेला. त्यांनी जॅमर चालू केला, शत्रूच्या पडद्यावरचा पट्टा दुसऱ्या मशिनवर बघितला, जवळ गेले, ठिपका वर आला. ते मॅडमकडे वळून म्हणाले की हे असंच असतं, आणि हे दाखवणारा गेम आपण अजून पाहिलेला नाही. मॅडमनी मित्राला कधीपासून येऊ शकाल असं विचारलं. त्याने मे महिन्याचं नाव घेतलं. मॅडमनी ते लिहून घेतलं.

मग गृहस्थ पुढे उडत राहिले. समोरून शत्रूचं विमान आलं. टिंग-टिंग झालं.

त्यांनी खेळ थांबवला. "हे काय?"

"डिपर," मित्र म्हणाला. मग त्याला वाटलं, इथे वेगळं सांगायला हवं. "इशारा. पुढे रडार आहे."

"इशारा कोणी दिला?"

"समोरच्या विमानाने."

"ते शत्रूचं आहे."

"हो."

"आणि पुढचं रडार कोणाचं?"

मित्राने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिथेच त्याला चूक दिसली असावी. "त्याचंच," तो शेवटी म्हणाला.

"म्हणजे शत्रूचा वैमानिक मला सांगतोय की त्याच्या बाजूच्या रडारपासून जपून राहा."

मॅडमनी लिहून घेतलेल्या महिन्याच्या नावाकडे पाहिलं. मग मागे खुर्चीच्या कडेवर बसलेल्या दादाने, इथे काहीतरी गैरसमज होतोय अशा समजुतीने, तोंड घातलं.

"तो नाय सांगनार तर कोन सांगनार, साहेब? आपन अजून पोचलोच नाय तिथं."

"तो मला मारायला आलाय."

"मारल ना. त्याला कोन नाय म्हनतंय? आधी सांगल, मंग मारल."

गृहस्थांनी दादाकडे नीट पाहिलं. ते चिडले नव्हते. त्यांनी विचारलं की आपण हवाई दलात होता का. दादाने मुरबाड–कल्याण म्हणून सांगितलं.

चूक अशी होती की मित्राच्या आकाशात दोन बाजू नव्हत्याच. तिथे इकडून जाणाऱ्या गाड्या होत्या, तिकडून येणाऱ्या गाड्या होत्या, आणि तपासणी होती. तपासणी कुणाच्याच बाजूची नव्हती. रस्त्यावर समोरून येणारा आपल्यातलाच असतो. युद्धात समोरून येणारा तेवढा नसतो. एवढ्याचसाठी युद्ध करतात. मॅडमनी विचारलं की हे किती जणांनी खेळून पाहिलं. बऱ्याच जणांनी, मित्र म्हणाला. आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही? नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सूचनापत्रक माझं होतं. मीही नाही म्हणालो. भिंतीवरच्या कागदात शुद्धलेखनाची चूक निघाल्याचं त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

मॅडम उठून बाहेर गेल्या, काचेपलीकडे गृहस्थांशी बोलू लागल्या. मित्र मशिनसमोर बसून राहिला. गिरणीची शेड तयार होती, इंजिन यायचं होतं, किल्ली द्यायला थोडेच दिवस उरले होते. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. दादाने हळूच विचारलं की आपण काही चुकीचं बोललो का. मित्र नाही म्हणाला. मग त्याने फाइल उघडली आणि एक ओळ घातली: इशारा देण्याआधी समोरचा कोणत्या बाजूचा आहे ते बघायचं. एवढंच लागत होतं.

ते दोघं परत आले तेव्हा त्याने गृहस्थांना पुन्हा उडायची विनंती केली. ते बसले. समोरून शत्रूचं विमान आलं. ते गप्प होतं. गृहस्थ त्याच्या मागे वळले, ते त्यांना हळूहळू ओढत आपल्या रडारवर घेऊन गेलं, खालून क्षेपणास्त्र सुटलं आणि गृहस्थांचं विमान पडलं. त्यांना फार आनंद झाला. आता बरोबर आहे, असं ते दोनदा म्हणाले. शत्रूच्या विमानाने आपल्याला कसं ओढत नेलं, ते त्यांनी हाताने मॅडमना करून दाखवलं.

शिष्टाचार म्हणून दादालाही बसायला सांगितलं. तो बसला. समोरून विमान आलं तसा त्याने बटण दोनदा दाबून डिपर दिला, सवयीने. पलीकडून काही आलं नाही. तो थोडा थांबला, वाट बघत सरळ जात राहिला, आणि पडला. त्याने हेडफोन काढून नीट घडी करून टेबलावर ठेवला.

"ह्यो रस्ता आपला नाय," तो मित्राला म्हणाला, आणि चहा कुठे मिळतो ते विचारायला बाहेर गेला.

नोकरी मिळाली. मॅडमनी दोन अटी घातल्या. मेअखेर हजर व्हायचं, आणि यापुढे चाचणी ऑफिसातच होईल, मुरबाडला नाही. मित्राने दोन्ही मान्य केल्या. गृहस्थ निघताना त्याला म्हणाले की ही ओळ घालण्याआधीची फाइल कुठेतरी जपून ठेव. त्यांना नक्की काय म्हणायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

भातसानगरला क्वार्टरमध्ये सामान बांधणं चालू होतं. वडील गोणीच्या तोंडाला सुतळी घालत होते. मुलाने बातमी सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली, मध्ये बोलले नाहीत, आणि संपल्यावर विचारलं:

"सुट्टी कधी?"

"रविवारी."

"मग रविवारी गिरणी."

तो थांबला. तेही थांबले, उत्तर आल्याशिवाय ते पुढे बोलत नसत. आई आतून म्हणाली की आता तरी त्याला सोडा. वडिलांनी सुतळीची गाठ मारली. गिरणी घेतलीय, ते म्हणाले, ती काय फेकून देऊ? नोकरी लागली तर गिरणीचं पुढे बघू, असं ते म्हणाले होते. हे ते पुढचं होतं. मुलगा हो म्हणाला.

त्याने आसनगावला, मुंबईची लोकल मिळते तिथे, खोली घेतली. सहा दिवस तो अंधेरीत लोकांची रडारं बिघडवायचा आणि रविवारी गावी इंजिनाचा पट्टा चढवायचा. वडिलांना कोंड्याने शिंका येत, असं तिथे गेल्यावर कळलं; त्यामुळे आठवडाभर ते शेडबाहेर खुर्ची टाकून बसत, भाताच्या गोण्या उतरवून घेत आणि येणाऱ्याला रविवारी या म्हणून सांगत. गावाने ते मान्य केलं. सोमवारी तो ऑफिसला जाई तेव्हा त्याच्या कानांच्या मागे पांढरं राहिलेलं असे. एकदा ती कसली पावडर म्हणून मॅडमनी विचारलं, त्याने भाताचा कोंडा म्हणून सांगितलं, आणि त्यांना वाटलं तो काहीतरी लपवतोय.

दिवाळीनंतर नवं भात घरोघर आलं आणि एक रविवार पुरेना. शेडबाहेर गोण्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. वडिलांनी मुलाला न विचारता गावच्या बूथवरून अंधेरीच्या ऑफिसला फोन लावला, आपलं नाव आणि गाव सांगितलं, गोण्यांची स्थिती कळवली आणि भाताचा हंगाम संपेपर्यंत शनिवारही हवा म्हणून सांगितलं. मग उत्तराची वाट बघत फोन धरून उभे राहिले. मॅडमनी शनिवार दिला.